माणसाला फासा पुन्हा

रविवारी वहिनीचा दातांचा दवाखाना बंद असतो, म्हणून आमचा खेळ तिथे. पेशंट बसतात त्या बाकांमध्ये टेबल ओढायचं, त्यावर कुणाकुणाच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मांडायचे, की झाल्या डोंगररांगा. प्रत्येकाने एक पात्र कोऱ्या कागदावर लिहून घ्यायचं, संकट आलं की काय करणार ते सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, नाही तर बोंबला. गोष्ट मी चालवते, त्यामुळे शिव्याही मीच खाते.

दादा राक्षस. वहिनी यक्षीण, तिला अंधारात दिसतं. दवाखान्याचं वायरिंग करायला आला आणि मग येतच राहिला तो वायरमन, त्याला पंख. आणि मावशी माणूस.

"अगं, काहीतरी छान घे ना," मी तिला सुरुवातीलाच म्हटलं होतं.

"मला कशाला ती थेरं? मी माणूसच बरी."

काका गेल्यापासून मावशी घराबाहेर पडत नव्हती. भाजीसुद्धा शेजारीण आणून द्यायची. दादाने तिला जवळजवळ ओढतच खेळायला आणली, आणि ती चक्क हसली. पण आमच्या खेळात माणसाला ना पंख, ना नखं. मावशी एकदा दरीत पडून मेली, एकदा विंचू चावून, एकदा तर दादाच्याच राक्षसाचा पाय पडून. त्या दिवशी पर्स उचलताना ती म्हणाली, "तुमचं चालू द्या रे. मी उगीच मध्ये मध्ये." आता ही पुन्हा घरात जाऊन बसली की बाहेर निघायची नाही.

म्हणून मी आमच्यापुरता एक नियम काढला आणि भिंतीवर 'दोन वेळा दात घासा'च्या खाली चिकटवला: 'माणसाला फासा एकदा पुन्हा टाकता येईल.'

पुढच्या रविवारी वायरमनला दोन पडले. त्याने शांतपणे फासा उचलला आणि पुन्हा टाकला.

"ए, हे काय?" मी ओरडले.

"नियम आहे. माणसाला पुन्हा टाकता येतो."

"तू पंखवाला आहेस!"

"पंखवाला तो. मी माणूस. फासा तो टाकतो की मी?"

"बरोबर आहे त्याचं," दादाने लगेच री ओढली. "मीही माणूसच. की गाढव आहे?"

"विचार करून सांगते," वहिनी म्हणाली आणि तिनेही आपला फासा पुन्हा टाकून घेतला.

पोटापाण्यासाठी मी प्रुफं तपासते. जगाच्या चुका काढत हिंडते आणि स्वतःला एक ओळ धड लिहिता येऊ नये! संतापून मी लाल पेन काढलं आणि नियमाखाली खरडलं: 'पात्र माणूस असेल तरच.'

मावशीने चष्मा लावून ते वाचलं. मग टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या एकटीसाठी."

"नाही गं, सगळ्याच माणसांसाठी."

"इथे दुसरा माणूस दाखव."

दाखवायला नव्हता.

"घरी येणारे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात," ती म्हणाली. "इथे निदान तुम्ही मला मारत तरी होतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी खेळ पुढे रेटला. वरच्या दाढांमधून साप निघाला आणि पहिली पाळी नेमकी मावशीची. ती म्हणाली, "मी काठी घेऊन समोर जाते." फासा टाकला. तीन.

"मावशी, पुन्हा टाका की," वायरमन कुजबुजला.

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "काय झालं ते सांग," ती मला म्हणाली.

"मावशी..."

"सांग म्हणते ना."

"सापाने तुला गिळलं," मी म्हणाले. रडू फुटायचंच बाकी होतं, खोटं कशाला बोलू?

मावशी उठली. आता ही पर्स घेणार, असं मला वाटलं. ती भिंतीपाशी गेली, नियम टराटरा फाडला, वापरलेल्या कापसाच्या डब्यात टाकला आणि परत येऊन बसली.

"कोरा कागद दे," ती म्हणाली. "मला साप व्हायचंय."

"अगं, साप घेता येत नाही. नियमच नाही तसा."

"मग कर. आणि सवलत बिवलत घातलीस तर याद राख." तिने फासा स्वतःकडे ओढला. "आता तुझ्या दादाला विचार, त्याचा राक्षस कुठे उभा आहे."