चिरेतलं हरीण

अस्वलाची मादी पिलांसकट कपारीच्या तोंडाशी येऊन बसली, तेव्हा महामाया आणि तिचा नवरा आनंदराज यांना मागे सरकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मागे खडकात आडवी चीर होती. दोघं पाठीवर घसरत तिच्यात शिरले. वरचा दगड तोंडापासून जेमतेम वीतभर.

"हालू नको," आनंदराज कुजबुजला. "पिलावाली हाय. लई वंगाळ."

महामाया नांदेडला संशोधन करत होती. किनवटच्या पुढच्या जंगलातल्या अशा कपारींमधली हजारो वर्षांपूर्वीची गेरूची चित्रं तिच्या प्रबंधाचा विषय. प्रत्येक आकृतीचा एक ठिपका, आणि एकाच खडकावर शेजारी काढलेल्या आकृत्यांमध्ये एक रेघ. असं जाळं तिने कॉम्प्युटरवर विणलं होतं. त्याचे सरळ दोन तुकडे पडले. एकीकडे हरणं आणि शिकारी, दुसरीकडे हात धरून नाचणारी माणसं. मध्ये एकही रेघ नाही. त्यावरून तिने लिहिलं, की इथे एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन टोळ्या राहून गेल्या. तिचे मार्गदर्शक सर खूश होते. प्रबंध तयार होता. ती फक्त मुखपृष्ठासाठी फोटो काढायला आली होती.

बाहेर नखं दगडावर खरखरली. छाती फुगवायलाही जागा नव्हती. आपण इथेच दगड होणार, असं वाटून तिचा जीव गुदमरला. राहवेना, तेव्हा तिने मोबाइलची बॅटरी बोटांआड धरून लावली.

वर हरीण होतं. त्याच्याभोवती हात धरून नाचणारी माणसं. एकाच हाताने, एकाच गेरूने काढलेली.

"अहो, वर बघा."

"काय हाय?"

"माझा प्रबंध गेला."

ऊन कललं तशी अस्वलं मोहाच्या झाडांकडे निघून गेली. आनंदराजने तिला ओढून बाहेर काढलं. "चल, पळ!" पण आत घाईत काढलेला फोटो हलला होता. ती पुन्हा पाठीवर पडून आत सरकली. तो तिच्या नावाने बोटं मोडत, हातात धोंडा घेऊन उभा राहिला.

सडकेला रेंज आल्यावर तिने सरांना सगळं सांगितलं.

"तुझ्याशिवाय कुणी पाहिलंय? नाही ना? मग राहू दे," सर म्हणाले. "नाहीतर सगळं पहिल्यापासून."

तिला आत चिरेत झालं होतं तसंच झालं. "सर, मी पाहिलंय ना," ती कशीबशी म्हणाली.

सरांनी फोन ठेवला. पुढे वर्षभर त्यांनी तिला दारात उभं केलं नाही. ती मात्र सुट्टी आली की जाळं पहिल्यापासून विणायला किनवटची गाडी पकडायची.