बाहेरगावचं जनावर

सरजाबाई पायाच्या खड्ड्यात मांडी घालून बसली आन म्हनाली, "मला हितंच बुजवा, पन काम बंद करू नगा."

ही आमची शेजारीण. भूकंपात घर गेलं, नवरा गेला, दहा वर्सं पत्र्याच्या शेडात काढली तिनं. आता डाक्टर-इंजिनेर व्हायाला सगळ्या मुलखातून पोरं लातूरला येऊन राहिली, म्हनून शहराच्या कडेला उरलेल्या जमिनीच्या तुकड्यात तिनं सहा खोल्या बांधाय काढल्या व्हत्या. एका खोलीत सहा पोरं. जूनच्या आत छत घातलं न्हाई तर साल बुडालं. आन पाया खांदताना नेमकी जुनी हाडं निघाली, संगं शंखाच्या बांगड्या आन लाल मणी. तहसिलातून हुकूम आला, कालिजातले उद्धव सर तपासून लिहून देतील, तवर कुदळ मारायची न्हाई.

सर माणूस गोड. दिवाळीपासून ब्रशनं माती झाडत बसले. एप्रिलात एक दिवस बैलाचा दात तळहातावर धरून सांगाय लागले, "मावशी, हा बैल इथला नाही. वासरू असताना जिथलं पाणी प्यालं, जिथला चारा खाल्ला, त्याची खूण दातात राहते. आम्ही तपासून घेतलं. शंख समुद्रावरचा, जनावरं पार दक्षिण कर्नाटकाकडची. दोन हजार वर्षांपूर्वी इथं मोठी पेठ होती."

"इतक्या लांबून कशाला आनायचे?"

"विकायला. कोवळी वासरं आणायची, दाटीवाटीनं बांधायची, खाऊ घालून तयार करायची. चांगली निघाली त्यांना भाव. बाकीची..." सरांनी दातावरची माती पुसली. "बाकीची इथंच मेली. ही हाडं त्यांचीच."

सरजाबाईनं दात हातात घेऊन फिरवून बघितला. मंग म्हनाली, "मंग सर, म्या काय येगळं करून राह्यले? पोरं धर्माबादची, मुदखेडची, बिदरची. उद्या कुनी हितं खांदलं तर हेच लिवंल की."

सर हसले न्हाईत. चष्मा पुसला आन हळूच इचारलं, "मावशी, जूनला एक खाट मिळेल का? आमच्या अनिमेषनं यंदा दहावीची परीक्षा दिली. लातुरात कुठंच जागा नाही."

आता बघा. दिवाळीपासून अडलेला कागूद तीन दिवसांत हलला. विशेष काही आढळलं नाही, बांधकामास हरकत नाही, असं सरांनी लिहून दिलं. दात आन मणी खोक्यात गेले, खड्ड्यात मुरूम पडला. मला सरांचा राग आला, खोटं कशाला बोलू. पन सरजाबाईचं साल वाचलं, म्हनून म्या बी तोंड मिटून घेतलं.

जूनात सर पोराला सोडाय आले. कोपऱ्यातली खोली, सहावी खाट. पोरगं डब्याला हात लावंना, बापाकडं बघंना. फाटकाशी येऊन सर रडाय लागले.

सरजाबाईनं त्यांला पानी दिलं. "रडू नगा, सर. उदगीरच्या बाजारातनं आनलेला आमचा बैल बी पह्यले आठ दिवस कडब्याला तोंड लावत नव्हता. मंग खाया लागला."

सरांनी डोळे पुसले. "मग?"

"मंग काय, झाला तयार. इकला."