समुद्राचं भारनियमन

"पोचलं वं आई!" हरभऱ्याच्या पार त्या टोकावरून प्रेरणा ओरडली, तशी विजयमालानं फावड्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं. ओलिताला दोन माणसं लागतातच, एक पाणी वळवायला आणि एक ते टोकाला पोचलं की हाक द्यायला. नवरा गेल्यापासून टोकाला लेकच उभी राहायची, इंजिनिअर झाली तरी.

पण आता लेक निघाली होती. गुजरातच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतून वीज काढायचा एक प्रयोग चालला होता, तिथं तिला नोकरी लागली होती. इकडे धाकट्या दिरानं, मारोतरावांनी, पुसदचं स्थळ आणलेलं. पाहुण्यांना बोलवायचं की नाही, हे विजयमालाला आजच सांगायचं होतं. आणि ही बाई भलत्याच विचारात! समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. प्रेरणा टोकावरून परत येताच तिनं विचारलं,

"काहून वं, थे पाणी चढते कायनं? मोटर लावते का कोणी?"

"चंद्र ओढते, आई."

"चंद्र! अन् मंग वीज?"

प्रेरणा चिखलातच बसली. मातीनं सरीचं तोंड दाबलं, पाणी तुंबू दिलं, मग बोटानं भोक पाडलं. पाणी सुसाट निघालं. "चढलेलं पाणी असं अडवाचं. समुद्र उतरला का सोडाचं. या भोकात पंखा बसवाचा. थो फिरला का झाली वीज."

"अगं बाई, एवढंच?" विजयमाला हरखली. तिनं स्वतः माती दाबून, भोक पाडून पाहिलं. मग पुन्हा एकदा. सरी फुटून गेली तरी बाईला भान नाही. "दिवसभर भेटते का मंग लाइन?"

"नाही वं. पाणी चढते, उतरते. येळ बी रोज पुढं सरकते. कधी दिवसा, कधी राती."

"म्हंजे समुद्रालेही भारनियमन!" ती पोट धरून हसली. "आपल्या पंपाच्या लाइनीवानीच झालं ना!"

"पण त्याचं टाइमटेबल वर्षभर आधी सांगता येते."

"मंग आपल्याहून लय बरा हाये."

तेवढ्यात फोन वाजला. मारोतराव होते.

"वहिनी, पोरीले कायले धाडता समुद्रावर? पोरगी पुसदले राहीन तं तुमच्या हाकेवर राहीन. एकट्या काय कराल तुम्ही वावरात?"

बोलणं खोटं नव्हतं. विजयमालानं फुटलेल्या सरीकडे पाहिलं, मग लेकीच्या चिखलानं भरलेल्या हातांकडे.

"भाऊजी, पाहुण्यांले नाही म्हणून सांगा. पोरगी जाऊन राह्यली."

फोन ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. "मले करमणार नाही वं तुयाबिगर."

"मले तरी कुठं करमन, आई?" प्रेरणा नाक पुसत उठली आणि टोकाकडे निघाली.

"तू बस बांधावर. मले एकटीनं करून पाहू दे."

विजयमालानं नव्या सरीत पाणी सोडलं आणि त्याच्या सोबतीनं चालत टोकापर्यंत गेली. ते पोचल्यावर पदर खोचून धावत मागे आली, तोवर बरंच पाणी बाहेर गेलं होतं. पुढच्या सरीला ती पाणी टोकाला पोचायच्या थोडी आधीच मागे निघाली.