भिंतीवरची डबी

सासूबाईंनी स्टुलावर चढून भिंतीवरची पांढरी डबी जुन्या खिळ्यावरून काढली आणि आत नेऊन पाण्याच्या माठामागे, ओल्या फडक्यावर ठेवली.

डबी सकाळीच तपासनीस बाईंनी लावली होती. आठ दिवस ती घरातला उकाडा मोजणार होती. मातीच्या जाड भिंतींचं हे घर हरित बांधकामाच्या नियमात बसलं तर उभं राहणार होतं. नाहीतर ते पाडून शेजारच्यासारखी इमारत उठणार होती. शेजारच्या पाटीवर हिरवं पान होतं आणि प्रत्येक खिडकीखाली एसी.

तपासणीचा अर्ज सुनेनं केला होता, आणि तिथंच सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. जिला शेजारच्या लिफ्टचं एवढं कौतुक, ती मातीसाठी कशाला खपेल? घर नापास करायचा हा डाव तर नसेल? तिनं घराचे कागद मागितले, तेव्हा "सापडत नाहीत" म्हणून त्यांनी ते पिठाच्या डब्यात दडवले होते.

तासाभरात डबी पुन्हा खिळ्यावर होती. सून पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"डबीला पाय फुटलेत वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"तारेनं बांधलीय, आई. आता पडायची नाही."

"पडायची नाही, की काढता यायची नाही?"

सुनेनं टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

पुढचे दिवस सासूबाईंनी तिच्या प्रत्येक फोनला कान लावला. दुपारी जप करताना ओठांवर देव असे आणि डोळे डबीवर. मधूनच त्या भिंतीला तळहात लावून बघत. भिंत गारच लागे. पण आताशा त्यांचा स्वतःच्या हातावरही भरवसा उरला नव्हता.

नवव्या दिवशी तपासनीस बाईंनी डबी उतरवून लॅपटॉपला जोडली.

"बाहेर एवढं तापलं, तरी आतलं तापमान फारसं चढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त पहिल्या दिवशी तासभर एकदम खाली गेलंय. डबी हलवली होती का कुणी? तशीच राहिली असती तर सगळी तपासणी रद्द करावी लागली असती."

"खिळा सैल होता," सून चटकन म्हणाली. "पडली ओल्या लादीवर. माझ्या लक्षातच आलं नाही."

सासूबाईंची माळ थांबली.

"तो खिळा माझ्या सासऱ्यांनी ठोकलाय," त्या सावकाश म्हणाल्या. "तो सैल व्हायचा नाही. डबी मी काढली होती. माठामागे ठेवली होती."

"का हो आजी?"

"घर गार दिसावं म्हणून."

"घर गारच आहे की." बाई हसल्या. "तो तास वगळते मी. तुमचं घर बसतंय नियमात. फक्त मूळ कागद आज लागतील."

"ते..." सुनेनं मान खाली घातली. "सापडत नाहीयेत."

सासूबाई उठून आत गेल्या. झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. तपासनीस बाईंनी हात पुढे केला होता. तो टाळून सासूबाईंनी कागदांचं पुडकं सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"आधी तू वाच," त्या म्हणाल्या, "आणि मी सही कुठं करायची ते दाखव."