गर्शोनकाकांचा नियम

गर्शोनने रवीच्या पायांकडे पाहिलं, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहायची तसदीसुद्धा घेतली नाही.

"धावायचे बूट," तो बाकीच्यांना म्हणाला. "साहेब पार्कात फिरायला आलेत."

इंग्लंडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमधल्या त्या कार पार्कमध्ये मार्चचं कोवळं ऊन पडलं होतं. कडेला डॅफोडिल्स उमलली होती. याच उन्हाला मूर्ख माणसं भुलतात, असं गर्शोनचं मत होतं. खाली वसंत असतो आणि वर दिवसा वितळलेला बर्फ रात्रीतून गोठून काचेसारखा होतो. लेस्टरच्या मराठी मंडळाला डोंगरावर नेताना तो हे चोवीस हिवाळे सांगत होता, आणि चोवीस हिवाळे पालथ्या घड्यावर पाणी.

रवी म्हणाला की त्याने हरिश्चंद्रगड तीनदा केलाय.

"तिथे बर्फ लागला का रे?" गर्शोनने विचारलं.

बुटांखाली बांधायचे पोलादी काटे, म्हणजे क्रॅम्पॉन, ज्याच्याकडे नाहीत तो वर येणार नाही, हा त्याचा नियम होता. रवीची रवानगी गाडीत झाली. रश्मीकडे सगळं सामान होतं, पण टोमणा मारायला त्याने तिलाही सोडलं नाही. ती स्कॉटलंडला हिवाळी चढाईचा कोर्स करून आली होती. पुस्तक वाचून पोहता येतं का, असं त्याने तिला तोंडावर विचारलं.

गर्शोन बस डेपोतला मेकॅनिक. आयुष्यात त्याचं कोणी ऐकलं असेल, तर ते याच डोंगरावर. एप्रिलमध्ये गुडघा बदलायचा होता आणि त्यानंतर बर्फाचं नाव काढायचं नाही, असं सर्जनने बजावलं होतं. तेव्हा हा पंचविसावा हिवाळा शेवटचा होता, आणि त्याला वर जायचंच होतं.

दोन तासांनी बर्फ सुरू झाला. सगळे खडकांवर बसून काटे बांधू लागले. कोणाचा पट्टा उलटा, कोणाचा डावा काटा उजव्या पायात. गर्शोन एकेकाची अक्कल काढत फिरला. मग त्याने स्वतःची सॅक उघडली.

थर्मास काढला, डबा काढला, रेनकोट काढला. शेवटी सॅक उलटी केली. तेव्हा त्याला लख्ख आठवलं. गेल्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये काटे टेबलावर मांडून, ते कसे बांधायचे हे त्याने दाखवलं होतं. रवीने एक साधा प्रश्न विचारला होता. त्याची टर उडवण्याच्या नादात काटे टेबलावरच राहिले होते.

काका, तुम्ही काय, अनवाणीसुद्धा जाल, असं कोणीतरी म्हणालं. खोटं कशाला बोला, त्याला मोह झाला. शिखर समोर दिसत होतं. रश्मी मान खाली घालून आपला पट्टा आवळत होती. ती एक शब्द जरी बोलली असती, तरी तो हट्टाने वर गेला असता.

"रश्मी, पुढे तू," तो म्हणाला. "कड्यापासून सगळ्यांना लांब ठेव."

"काका, शुअर आहात का?"

"नियम आहे."

तो एकटाच उतरला. रवी गाडीत हीटर लावून फोन बघत बसला होता. गर्शोनने काचेवर टकटक केल्यावर त्याने दचकून दार उघडलं.

"काका, काय झालं? कोणाला ॲक्सिडेंट झाला का?"

"काटे विसरलो," गर्शोन म्हणाला, आणि रवीच्या हसण्याची वाट पाहत उभा राहिला. रवीच्या जागी तो असता तर पोट धरून हसला असता.

रवीने शेजारच्या सीटवरची आपली बॅग उचलून मागे ठेवली.