पुलाचं नाणं

माझ्या घरात काळं भांडं दाखवा आणि हवं ते नाव ठेवा मला. चार बुकं शिकले नसेन, पण घासणं कुणी मला शिकवायला नको. त्याच घमेंडीनं माझा घात केला.

आमच्या ह्यांना चांदीच्या नाण्यांचा नाद. बाजारात चालणारी नव्हेत. कुठला राजा गादीवर बसला, कुठली लढाई संपली, कुठलं जहाज पाण्यात उतरलं, त्याची आठवण म्हणून पाडलेली. लाकडी तबकात हिरवी मखमल, एकेका नाण्याला एकेक गोल खाच. जुनी चांदी काळवंडते, पण कडेकडेनं तिच्यावर रंगही चढतात, पाण्यावर तेल सांडावं तसे निळे, जांभळे, मधासारखे.

"पुसायचं नाही हं," हे म्हणायचे. "तो मळ नाही, नाण्याचं वय आहे ते."

"मग माझ्या पातेल्याच्या बुडाला लागतं ते काय, तारुण्य?"

गेल्या वर्षापासून ह्यांचं डोकं धुक्यात गेलं. मुलाचं नाव विसरले. मला "बाई" म्हणू लागले. पण दुपारी तबक मांडीवर घेतलं की खिडकीशी एकेक नाणं कलतं करायचे, रंग हलायचे, आणि हे त्या रंगांतून आत शिरायचे. जहाजाचा भोंगा ऐकू यायचा ह्यांना. "अगं, ये ना लवकर, सुटेल ते!" त्या एका "अगं"साठी मी दुपारची झोप सोडली होती.

आणि एकदा सूनबाई तबकाकडे बघून सहज बोलून गेली, "आई, तुमच्या घरात एवढंच काय ते काळं."

झालं! दंतमंजन घेतलं, फडकं घेतलं, आणि एका बैठकीत एकोणीस नाणी आरशासारखी केली.

ह्यांनी तबक पाहिलं. "कुणाचे चमचे हे?" म्हणाले आणि बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला. "अगं" बंद झालं ते झालंच.

सूनबाई रडकुंडीला आली. "माझीच जीभ झडो, आई."

"तुझी कशाला? हात माझे होते."

तबकातली विसावी खाच पस्तीस वर्षं रिकामी होती. तिच्यातलं नाणं कुठं आहे ते मला एकटीला ठाऊक. थोरल्याच्या वेळी मी कळा देत होते आणि हे प्रदर्शनात, कुठल्याशा शंभर वर्षांच्या पुलाचं नाणं घ्यायला रांगेत! आले ते आधी मला पूल दाखवला, मग बाळ पाहिलं. त्याच आठवड्यात मी ते उचललं आणि चिंधीत गुंडाळून शिवणाच्या डब्याच्या तळाशी टाकलं. हे महिनाभर शोधत होते. मीही सोबत पलंगाखाली वाकून शोधलं. अशी मी.

न घासलेलं आता तेवढंच उरलं होतं. पण ते काढायचं म्हणजे आपली चोरी आपल्या हातानं पुढं करायची. नाणं ओळखलं आणि चोरही ओळखला तर? जन्मभर नाक वर करून वावरले मी या घरात. दोन दिवस डबा नुसता उघडला नि मिटला. तिसऱ्या दुपारी ते ह्यांच्या तळहातावर ठेवलं.

चिंधीत पडून पडून काय रंग चढला होता! कडेला मोरपंखी, मधे संध्याकाळ. ह्यांनी ते कलतं केलं आणि पुलावरचे दिवे एकामागून एक लागत गेले. मलाही दिसले, खोटं कशाला सांगू.

"केवढा वारा आहे इथं," हे म्हणाले.

"अहो, हे नाणं मी..."

"बसा बाई. गंमत सांगतो. आमच्या हिनं लपवलं होतं हे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बटण तुटलं होतं. सुई शोधताना डब्यात सापडलं."

"मग घेतलं का नाही?"

"कुठल्या तोंडानं? ती कळा देत होती आणि मी रांगेत उभा." हे पुलाखालचं पाणी बघत राहिले. "तिला सांगू नका हं. फार मानी आहे."

"नाही सांगत."

ह्यांनी नाणं माझ्या मुठीत ठेवलं आणि माझी बोटं मिटली. "होतं तिथंच ठेवा. तबकात राहिलं तर ती घासून टाकील."

आता रोज दुपारी मी चिंधी सोडते. आम्ही दोघं वाऱ्यातून पूल ओलांडतो, आणि हे त्यांच्या बायकोच्या चार गोष्टी सांगतात. तोंडाची फटकळ होती, पण बाई चांगली होती म्हणे.