तुळशीतलं रोप

आमचे हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचं एक झुडूप नाहीसं होत चाललंय, म्हणून दोन वर्षं त्याच्या बिया धुऊन-पुसून डबड्यांत पेरताहेत. एक उगवेल तर शपथ! वर त्या झुडपाची फळं खाणारे समुद्रावरचे कुरव पक्षी रोज आमच्या तुळशीवर घाण करायचे. मी कटकट केली, तेव्हा कुठे ह्यांनी वृंदावनावर जाळी बसवली.

काल तुळशीत एक अनोळखी रोप दिसलं. मी उपटणार, तोच हे ओरडले, "हात लावू नकोस! तेच झुडूप आहे. पक्ष्याच्या पोटातून आलेलं बी रुजलं, आणि मी मूर्खासारखा धूत बसलो!"

लगेच जाळी काढली. म्हणाले, "पक्षी परत यायला हवेत. इथे सुके बोंबील ठेवू या."

"तुळशीपाशी बोंबील? डोकं फिरलंय का तुमचं?"

"किनाऱ्यावर एकच झुडूप उरलंय गं. बाकीची बंगल्यासाठी तोडली."

मी दिवसभर भांडी आपटली. आज सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, आणि सुक्या मासळीची पाटी घेऊन आमच्या दारावरून न थांबता जाणाऱ्या कोळणीला आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली.